उसाच्या फडातला रात्रीचा सीन आणि पत्र्याच्या घरातले संवाद: भाड्याने काय घ्यावं, कसं लावावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. अठरा मिनिटांचा लघुपट करतेय. पलूस तालुक्यात, भिलवडीच्या आसपास, जानेवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात पाच दिवसांचं शूटिंग आहे. टीम सहा जणांची. कॅमेरा हाताशी आहे: मिररलेस, १० बिट लॉग (एडिटला रंग-उजेड सुधारता येईल असं फिकट चित्र), बेस आयएसओ (ज्या आयएसओवर चित्र सगळ्यात स्वच्छ येतं तो) ८०० आणि दुसरा २५००. लेन्स दोन, ३५ आणि ८५ मिमी. बाकी सगळं भाड्याने आणायचं आहे.

अडचणीचे सीन तीन. पहिला स्वयंपाकघरातला. पत्र्याचं छत, शहाबादी फरशी, सासू-सून भाकरी थापता थापता बोलतात. कुजबुजीपासून सुरू होऊन भांडणापर्यंत जाणारा चार मिनिटांचा संवाद आहे. दुसरा रात्री फडात, तोड थांबलेली, ट्रॅक्टरच्या हेडलाइटच्या उजेडात दोघे बोलतात. तिसरा साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर, भर दुपारी पवनचक्कीखाली एकटा माणूस, संवाद नाही.

स्वयंपाकघरात चाचणी घेतली तर चित्रात काळपट पट्टे वर-खाली सरकताना दिसले (२४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/६०) आणि कॅमेऱ्यावरच्या माइकमधला आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमत होता. पैसे एकाच मोठ्या गोष्टीवर खर्च करता येतील. चांगला कॅमेरा घेऊ, लाइट घेऊ की साउंड? नेमकं सांगा. मापं, आकडे, सगळं चालेल.

बूमरॉड_मिरज

ताई, साउंडवर खर्च करा. चित्र जरा दाणेदार आलं तरी माणूस बघतो. संवाद कळला नाही तर दुसऱ्या मिनिटाला उठतो. त्यातून तुमचा संवाद आपल्या बोलीत असणार. "आलीस व्हय" मधला "व्हय" गिळला गेला की वाक्याचा जीवच जातो.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. घुमण्याचं कारण पत्रा, फरशी आणि उघड्या भिंती. कॅमेऱ्यावरचा माइक सहा-सात फुटांवर असतो, तिथे तोंडाचा आवाज कमी आणि भिंतीवरून परतलेला जास्त पोचतो. इलाज दोन, आणि दोन्ही एकदमच करायचे. माइक जवळ आणायचा आणि खोली मऊ करायची. घराघरात वाकळा असतातच, त्या गोळा करा. फ्रेमबाहेरच्या फरशीवर दुहेरी अंथरा. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर दोरी बांधून टांगा, पण भिंतीला चिकटवून नको, वीतभर पुढे. मधली हवा मोकळी राहिली की खालच्या पट्टीतला घुमारासुद्धा थोडा शोषला जातो.

माइक निवडताना एक चूक बहुतेक जण करतात. लांब नळीचा शॉटगन घरात आणतात. शॉटगनच्या नळीतल्या फटी बाजूचा आवाज एकमेकांत काटून टाकतात, पण हे काम मोकळ्यावर नीट चालतं. छोट्या खोलीत प्रत्येक बाजूने परतलेला आवाज नळीत शिरतो आणि अर्धवट कटतो, त्यामुळे संवाद पोकळ आणि नाकातून आल्यासारखा वाटतो. घरासाठी आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक) मागा, ऑडिओ-टेक्निकाचा एटी४०५३बी किंवा तसलाच. शॉटगन फडासाठी ठेवा. दोन्ही माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर (रेकॉर्डरकडून केबलमधूनच मिळणारी वीज) लागते, रेकॉर्डरवर ती चालू आहे ना ते आधी बघा.

बूम (लांब दांड्यावरचा माइक) डोक्याच्या वर दीड ते दोन फूट, पण इथे एक गोम आहे. भाकरी थापणारी बाई खाली बघते. बरोबर डोक्यावर माइक धरला तर तो तिच्या केसांचा आवाज घेईल. माइक तिच्या पुढ्यात, काठवटीच्या पलीकडून वर, तोंडाकडे रोखलेला पाहिजे. आणि छातीवर लेपल (कपड्यात लपवायचा छोटा माइक) लावू नका. मान खाली गेली की हनुवटी माइकवर येते आणि आवाज दबतो. सासूच्या डोक्यावर पदर असेल तर कपाळावर, केस सुरू होतात तिथे, पदराच्या आत लेपल लावा. नाटकवाले वर्षानुवर्षं तिथेच लावतात. तोंड कुठेही वळलं तरी अंतर बदलत नाही. फडातल्या माणसाला फेटा असेल तर फेट्याच्या पुढच्या पदरात तसंच करा, वायर मानेमागून खाली आणि ट्रान्समीटर कमरेला.

आता बांगड्या. काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र हे संवादाचे खरे शत्रू. बांगड्यांच्या मनगटाकडच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, पारदर्शक टेप लावून तीन-चार बांगड्यांचा एक जुडगा करा. मंगळसूत्राच्या वाट्या मागून एकमेकींना टेपने चिकटवा. काठवटीखाली ओलं फडकं चौपदरी घडी करून ठेवा, फरशीवरचा दणका मरतो. आणि लिहितानाच एवढं करा: थापण्याच्या लयीत संवाद ठेवू नका. थापणं थांबतं, भाकरी तव्यावर जाते, पाणी फिरवलं जातं, तिथे वाक्यं टाका. थापण्याचा आवाज नंतर त्याच काठवटीवर, त्याच जागी, एकटा रेकॉर्ड करा. किमान पाच भाकऱ्या. एडिटला वाट्टेल तिथे बसवता येतो.

लेव्हल: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, साध्या बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. कुजबुज ते भांडण असा पल्ला असेल तर ३२ बिट फ्लोटचा (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही सांभाळणारा) रेकॉर्डर घ्या. झूमचा एफ३ दोन माइकला पुरतो, त्याला गेनचं बटणच नाही. पण एक गैरसमज नको. ३२ बिट फ्लोट फक्त रेकॉर्डरमध्ये फाटलेला आवाज वाचवतं. वाऱ्याने माइकची कॅप्सूलच फडफडली किंवा वायरलेस ट्रान्समीटर आतच फाटला, तर ते परत येत नाही. सांगलीत १८४३ पासून नाटकाची परंपरा, आपले कलाकार शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेतात. तालमीला पूर्ण जोर लावून भांडायला सांगा आणि त्या आवाजावर ट्रान्समीटरची लेव्हल बसवा.

पत्र्याचं आणखी एक. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रा तडतडतो. तो आवाज वाक्याच्या मधोमध येतो आणि काढता येत नाही. हा सीन दुपारी, पत्रा एकदा तापून स्थिरावल्यावर घ्या. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चालू करायचं विसरून कुणी घरी जाणार नाही.

तीनफेज

वर साउंडचं सांगितलंय ते सगळं मान्य. पट्ट्यांचं मी सांगतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ. ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके, १/१०० ला एक. १/६० ला पावणेदोनच्या आतबाहेर, म्हणजे एका फ्रेमला एवढा उजेड तर दुसऱ्याला तेवढा. सेन्सर वरून खाली वाचला जातो म्हणून तो फरक पट्टा होऊन सरकतो. २५ एफपीएस, शटर १/५०. पट्टे गेले. २४ च ठेवायचं असेल तरी शटर १/५० करा, १/४८ नको. ५० एफपीएसवर स्लो मोशन घ्यायचं तर १/१००.

एवढं करूनही एखादा बल्ब पट्टे देतो. त्याचा ड्रायव्हर विजेच्या तालावर चालत नाही, स्वतःच्या वेगाने लुकलुकतो. डिमरवर लावलेले एलईडी आणि नव्या ट्रॅक्टरवरच्या एलईडी पट्ट्या यात येतात. जुना हॅलोजन हेडलाइट बॅटरीवर चालतो, त्याला काही होत नाही. तपासायला फोन पुरे: प्रो मोडमध्ये शटर १/१००० करून दिव्याकडे धरा. दाट पट्टे दिसले तर तो दिवा संशयित, मग खऱ्या कॅमेऱ्यावर १/५० ला बघा. चांगला एलईडी बल्ब गावातल्या दुकानातून चार वेगवेगळे आणून याच रीतीने निवडा आणि होल्डरला तोच लावा.

लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू होतो, तेव्हा थांबा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्यूबचा रंग बदलतो, पंखा गुणगुणतो, आणि अॅडॉप्टरवर लावलेल्या साउंडच्या सामानात घरघर शिरते. रेकॉर्डर, वायरलेस, कॅमेरा, सगळं बॅटरीवरच चालवा, लाइट असली तरी.

फड. जानेवारीतला तोडीचा ऊस आठ-दहा फुटांच्या वर असतो, म्हणजे साधा स्टँड जमिनीवर ठेवून उपयोग नाही. ३०० वॉटचा एक सीओबी एलईडी (एकाच ठिपक्यातून जोरदार उजेड देणारा दिवा) घ्या आणि रिकाम्या ट्रॉलीत स्टँड उभा करा. ट्रॉलीचा पाटा जमिनीपासून साधारण चार फूट, वर स्टँड अकरा-बारा. पंधरा फुटांवर दिवा गेला. युरियाच्या रिकाम्या गोणीत माती भरून स्टँडच्या पायावर टाका, ट्रॉलीच्या चाकाला दगड लावा. हा दिवा पात्रांच्या मागे, चाळीस-पन्नास फुटांवर. पाठीमागून आलेला उजेड पाचटाच्या कडा चमकवतो आणि ऊस ऊस म्हणून दिसतो. समोरून टाकला तर हिरवा पडदा लावल्यासारखा सपाट दिसेल.

दिव्यावर निळा जिलेटिन कागद नको. दिवा ५६०० केल्विन, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४२००-४३००. चांदणं तेवढंच निळसर वाटतं, आणि ट्रॅक्टरच्या हॅलोजनचा पिवळा उजेड चेहऱ्यावर शिल्लक राहतो. समोरून फक्त थर्माकोलची एक शीट, हेडलाइटचाच उजेड परतवून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, मुख्य उजेडापेक्षा दोन ते तीन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आयएसओ २५०० वर जा, १६०० वर नको. दुसऱ्या बेसवर दाणे कमी दिसतात.

फ्रेम लावताना कॅमेरा सरीच्या रेषेत ठेवा. सरीला आडवा लावला तर दुसऱ्या ओळीपलीकडे काळोख. सरीतून बघितलं की दोन्ही बाजूंच्या ओळी लांब जाताना दिसतात आणि मागच्या दिव्याचा उजेड त्या पट्ट्यातून पुढे येतो. फडाला एवढी खोली फुकट मिळते, ती सोडू नका.

हेडलाइट इंजिन बंद ठेवूनच लावायचे, नाहीतर संवाद गेला. पण त्याने ट्रॅक्टरची बॅटरी उतरते आणि मध्यरात्री धक्का मारायला माणसं लागतात. वेगळी १२ व्होल्टची बॅटरी हेडलाइटला जोडून घ्या. हे ट्रॅक्टरवाल्याच्या मिस्त्रीकडूनच करा.

जनरेटर: इन्व्हर्टर पद्धतीचा मिळाला तर उत्तम. साध्याचा वेग लोड बदलला की हलतो, मग ५० हर्ट्झ राहत नाही. ठेवायचा कमीत कमी पन्नास मीटरवर, बांधाच्या किंवा विहिरीच्या कठड्याच्या आड. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एवढ्या लांब केबल नेताना जाडी बघा. ६ अँपिअर लोडला पन्नास मीटरवर २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये साधारण साडेचार व्होल्ट पडतात, १ चौरस मिमीच्या केबलमध्ये अकराच्या आसपास, आणि ती गुंडाळलेल्या रिळावर तापते. रीळ पूर्ण उलगडा. घरातून वीज घेतलीत तर साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १३८० वॉट हीच मर्यादा.

आणि हे हात जोडून सांगतो: खांबावर आकडा टाकू नका. फडाला पाणी दिलेलं असतं, जमीन ओली असते. केबलचा जोड जमिनीला टेकता कामा नये, बांबूच्या काठीवर बांधा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत किंवा अंगात गळली की लगेच तोडणारा स्विच) लावल्याशिवाय दिवा पेटवू नका. १००० वॉटचे हॅलोजन फडात आणू नका, पाचट वाळलेलं असतं, एक काच फुटली की एकर पेटतो. बादल्या भरून ठेवा. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि गमबूट. उसाचं पातं कापतं, आणि फडात घोणस असते.

बूमरॉड_मिरज

तीनफेज, पन्नास मीटर खुल्या रानात अपुरं पडतं, विशेषतः वारा जनरेटरकडून आपल्याकडे असेल तर. वाऱ्याची दिशा बघून खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे वारा आवाज दूर नेईल.

फडातल्या साउंडचं राहिलं होतं. पात्यांची सळसळ हा तिथला मोठा त्रास. तिचा आवाज वरच्या पट्टीत असतो, स आणि श ज्या पट्टीत ऐकू येतात त्याच पट्टीत. फिल्टर लावाल तर संवादाचीच धार जाईल. माइक जवळ, एवढाच उपाय. वारा साधारणपणे पहाटे पडतो, तेव्हा संवादाचे क्लोजअप पहाटे, उजाडण्यापूर्वी ठेवा आणि लांबचे शॉट आधी उरका. शॉटगनवर नुसता स्पंज पुरत नाही, ब्लिंप (माइकभोवतीचा जाळीचा पिंजरा) आणि त्यावर केसाळ कव्हर. ८० हर्ट्झखालचं कापा. वायरलेस २.४ गिगाहर्ट्झचे असतील तर ओला ऊस आणि माणसाचं शरीर दोन्ही सिग्नल खातात. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारं मॉडेल मागा. सिग्नल तुटला तरी मूळ फाइल शाबूत.

जानेवारीत रात्रभर ट्रॉल्या जातात, गाणी लावून. कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला) विचारा. कुठल्या फडाची तोड कुठल्या दिवशी आणि भरलेल्या गाड्या कुठल्या रस्त्याने निघणार, हे त्याला आदल्या संध्याकाळी माहीत असतं. त्याप्रमाणे फड निवडा. पुणे-मिरज रेल्वेमार्ग जवळ असेल तर स्टेशनवरून गाड्यांच्या वेळा लिहून आणा, मालगाड्या त्यात नसतात हे धरून. आणि सरपंचांना आधी भेटा. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद राहतात. गावाने मनावर घेतलं की शांतता मिळते. तुम्हाला तर ती सीनपुरतीच हवी.

कृष्णाकाठ

दादा, दोघांचेही आभार. सरीच्या रेषेत फ्रेम, हे आता स्टोरीबोर्डवर चढवलं. २५ आणि १/५० वर परत चाचणी घेतली, पट्टे गेले.

दोन गोष्टी विचारते. चाळकेवाडीला दुपारी लॉगमध्ये आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नाही, तर एनडी (लेन्सपुढची उजेड कमी करणारी काळी काच) किती घेऊ? आणि फुटेजला हार्डडिस्क किती लागेल?

फोकसपुलर

हिशोब करून घ्या, अंदाजाने एनडी आणू नका. लख्ख उन्हात आयएसओ १००, शटर १/१००, लेन्सचं छिद्र एफ १६ हे बरोबर एक्सपोजर. तुम्ही ८०० वर, म्हणजे तीन स्टॉप जास्त. शटर १/५०, आणखी एक. एफ ४ वर उघडलं तर आणखी चार. एकूण आठ स्टॉप, म्हणजे एनडी २५६. व्हेरिएबल एनडीवर आठ स्टॉप लिहिलेले असले तरी टोकाला नेलं की ३५ लेन्सवर आभाळात काळी फुली उमटते. ती एडिटला जात नाही. सहा स्टॉपचा पक्का एनडी आणि त्यावर दोन स्टॉपचा दुसरा, किंवा पक्का सहा आणि एफ ८. पठारावर एफ ८ च चांगला, मागची पवनचक्की पुसट होऊन काय उपयोग. आणि पात्याची सावली जमिनीवरून फिरते, ती माणसाच्या अंगावरून गेली तर उजेड सारखा बदलतो. हवी असेल तर मुद्दाम घ्या, नको असेल तर माणूस सावलीच्या वाटेबाहेर उभा करा. सोनीचं एस-लॉग३ असेल तर झेब्रा (जास्त उजळ भागावर रेघा दाखवणारी खूण) ९४ वर लावा, तिथे पांढरं संपतं. तिथल्या वाऱ्यात संवाद नाही ते बरंच आहे, पण पात्यांचा आवाज वेगळा घेऊन या. खांबाच्या आडोशाला, कव्हर घालून, तीन मिनिटं.

डिस्क: ४के २५पी, १०० मेगाबिट असेल तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. अठरा मिनिटांच्या फिल्मला दहापट शूट केलंत तर तीन तास, १३५ जीबी. लहान वाटतं, म्हणून लोक एकाच डिस्कवर ठेवतात. दोन डिस्क, दोन वेगळ्या घरी झोपल्या पाहिजेत. कॉपी नुसती ओढून टाकू नका, चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने करा, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल नावाने आणि आकाराने बरोबरच दिसू शकते. दोन्ही कॉपी जुळल्याशिवाय आणि शेवटचा शॉट उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. साउंडच्या फाइल त्याच रात्री त्याच फोल्डरमध्ये. क्लॅप मारताना सीन-शॉट-टेक तोंडाने मोठ्याने सांगा. कॅमेरा आणि रेकॉर्डरची घड्याळं लांब टेकमध्ये एखाद-दोन फ्रेमने सरकतात, म्हणून चार मिनिटांच्या सीनला शेवटीही एक क्लॅप घ्या.

कृष्णाकाठ

समजलं. म्हणजे भाड्याच्या यादीत एफ३, हायपरकार्डिऑइड, शॉटगन ब्लिंपसकट, आतच रेकॉर्ड होणारे दोन लेपल, एक ३०० वॉट, आरसीसीबीचा बोर्ड आणि सहा स्टॉपचा एनडी. कॅमेरा आहे तोच.

बूमरॉड_मिरज

बरोबर. बूमचा दांडा दहा फुटांचा मागा, आणि शॉक माउंटचे (माइक दांड्यावर टांगून धरणाऱ्या पकडीचे) रबर ताणून बघून घ्या. जुने झाले की दांड्यावरचा बोटांचा आवाज थेट माइकमध्ये जातो. प्रत्येक जागी शेवटचा टेक झाल्यावर सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, माइक आहे तिथेच ठेवून. स्वयंपाकघरात ती घेताना चूल पेटलेलीच राहू द्या.